शिरस्त्राणामागचा मुलगा

आमच्या बडोद्याच्या घरी पुस्तकांचे एक शिसवी कपाट आहे. वरच्या कप्प्यात वडिलांनी जमविलेले हरिभाऊ आणि नाथमाधव, मधल्या कप्प्यात आमच्या पिढीचे खांडेकर, इरावतीबाई, शिवाजी सावंत, आणि तळाशी दिवाळी अंकांचे गठ्ठे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या सतरा वर्षांच्या नातवाने या कपाटात मला न विचारता चार जाडजूड इंग्रजी पुस्तके सरकवून दिली. पहिल्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिरव्या चिलखतातला एक सैनिक बंदूक रोखून उभा होता. त्याच्या शिरस्त्राणाला सोनेरी काच होती, त्यामुळे चेहरा काही दिसत नव्हता.

"ही कसली पुस्तके?" मी विचारले.

"आजोबा, गेमची आहेत. म्हणजे गेममधल्या जगावरच्या कादंबऱ्या."

मी जे उत्तर दिले ते आज आठवले की संकोच वाटतो. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर वाचण्यालाही मग वाचन म्हणावे लागेल, असे काहीसे मी बोललो. तो काही न बोलता निघून गेला. पुस्तके मात्र त्याने कपाटातून काढली नाहीत.

पुढे एका दुपारी झोप येईना म्हणून, आणि खरे सांगायचे तर त्या पोराला मुद्द्यावर पकडावे म्हणून, मी पहिले पुस्तक हाती घेतले. संध्याकाळचा चहा निवून गेला तरी मी खुर्चीतच होतो.

ज्यांच्या घरी मुले संगणकाच्या पडद्यापुढे बसतात त्यांच्या कानावर 'हेलो' हे नाव आले असेल. टेलिफोनवरचे 'हॅलो' ते नव्हे. देवादिकांच्या चित्रांत मस्तकामागे जे तेजोवलय असते, त्याला इंग्रजीत 'हेलो' म्हणतात. या खेळात अंतराळात तरंगणारे एक अवाढव्य कडे आहे, त्यावरून हे नाव पडले. 'बंजी' नावाच्या अमेरिकन मंडळीने रचलेला हा खेळ १५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्रासाठी बाजारात आला. त्याच्या पंधरवडाभर आधी, ऑक्टोबरच्या अखेरीस, 'द फॉल ऑफ रीच' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. लेखक एरिक नायलंड. त्यांनी ती अवघ्या सात आठवड्यांत लिहिली. खेळ कोणी पाहिलेला नाही, नायकाचे नाव कोणास ठाऊक नाही आणि त्याचे बालपण मात्र छापून तयार, असा हा उलटा प्रकार.

उलटा म्हटला तरी तो अगदी नवा नव्हता. 'स्टार वॉर्स' या चित्रपटाची कादंबरी १९७६ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या काही महिने आधीच, निघाली होती. तिच्यावर नाव जॉर्ज लुकास यांचे असले तरी लिहिली होती ॲलन डीन फॉस्टर यांनी. संगणकाच्या खेळांपैकी 'विंग कमांडर' १९९० मध्ये आला आणि दोनच वर्षांनी त्यावर कादंबरी झाली. याच्या नेमकी उलट वाटही आहे. दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाची 'मेट्रो २०३३' ही आधी कादंबरी होती, तिचा खेळ २०१० मध्ये झाला. असो. मुद्दा हा की खेळ आणि पुस्तक यांची सोयरीक आता जुनी झाली आहे, आपण घरातली वडील माणसेच तिकडे पाठ करून बसलो आहोत.

खेळ मी नातवाच्या शेजारी बसून पाहिला. खेळलो नाही, बोटांना ती गती नाही. पडद्यावर नायक दिसतच नाही. दिसते ती त्याच्या हातातली बंदूक, कारण पाहणारा त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो. त्याला सगळे 'मास्टर चीफ' म्हणतात. ते नाव नव्हे, आरमारातला हुद्दा. तो फार थोडे बोलतो. सव्विसाव्या शतकात परग्रहवासीयांच्या 'कव्हेनंट' नावाच्या धर्मवेड्या युतीने मनुष्यजातीचा उच्छेद मांडला आहे आणि हा एकटा पुरुष त्यांना आवरतो आहे, एवढे कळले की खेळणाऱ्याचे काम भागते. त्याच्या कानाशी कोर्टाना नावाची एक यंत्रबुद्धी बोलत असते, कॅप्टन कीज नावाचा एक धीराचा अधिकारी असतो, आणि शत्रूच्या कैदेतून त्याला सोडवायचे असते. नातू हे सगळे चार-पाच वेळा खेळून चुकला होता.

पण मी पुस्तक वाचले होते. त्यामुळे तो कॅप्टन कीज पडद्यावर आला तेव्हा मला दुसरेच काही दिसले.

कादंबरीचा आरंभ २५१७ सालचा. डॉ. कॅथरिन हॅल्सी नावाची एक असामान्य बुद्धीची शास्त्रज्ञ आणि तिच्यासोबत एक तरुण लेफ्टनंट, असे दोघे दूरच्या एका वसाहतीत एक शाळकरी मुलगा पाहायला येतात. मुलगा सहा वर्षांचा. मातीच्या ढिगाऱ्यावर चढून इतरांना खाली ढकलण्याचा खेळ चालला आहे आणि हा वर ठाण मांडून बसला आहे. बाई त्याला बाजूला बोलावते, एक जुने नाणे वर उडवते आणि छापा की काटा ते ओळखायला सांगते. पोरगा नाणे हवेतच झेलतो आणि बरोबर सांगतो. ते नाणे ती त्यालाच देऊन टाकते. मुलाचे नाव जॉन. सोबतचा लेफ्टनंट म्हणजे जेकब कीज.

त्यानंतर जॉनला घरातून पळवून नेतात. तो एकटा नव्हे, अशी पंच्याहत्तर मुले. त्यांच्या घरी कोणाला संशय येऊ नये म्हणून प्रयोगशाळेत घाईघाईने वाढविलेली त्यांची हुबेहूब प्रतिरूपे अंथरुणात आणून ठेवतात. ही प्रतिरूपे टिकणारी नसतात. काही काळाने ती आजारी पडतात, मरतात, आणि आईबाप आपलेच मूल गेले असे समजून रडतात. इकडे खरी मुले 'रीच' नावाच्या ग्रहावरच्या लष्करी तळावर पहाटे उठून पळत असतात. त्यांना आडनावे नाहीत, नावापुढे आकडे आहेत. चौदाव्या वर्षी त्यांच्या हाडांवर, स्नायूंवर, डोळ्यांवर शस्त्रक्रिया होतात. तीस मुले त्यात दगावतात, बारा जन्माची पंगू होतात. उरलेल्या तेहतिसांना पुढे ते हिरवे चिलखत मिळते.

आणि हे सारे परग्रहवासीयांशी लढण्यासाठी म्हणावे तर तसेही नाही. शत्रूचा पत्ताच तेव्हा नव्हता. पृथ्वीचे राज्य झुगारू पाहणाऱ्या वसाहतींतल्या बंडखोरांना, म्हणजे माणसांनाच, चिरडण्यासाठी ही फौज उभारली होती. कव्हेनंटची गाठ २५२५ मध्ये पडली आणि पापाला पुण्याचे पांघरूण आपोआप मिळाले. खेळात यातले काही कळत नाही. तिथे नायक हा नायक असतो.

मी नातवाला विचारले, "तुला हे सगळे ठाऊक होते?"

"हो, म्हणून तर ती पुस्तकं कपाटात ठेवली," तो म्हणाला. "गेममध्ये तो कधी चिडत नाही, कोणाला काही विचारत नाही. पुस्तक वाचलं की कळतं, तो असा का आहे ते."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्या सौभाग्यवतींना इंग्रजी वाचनाची सवय नाही. बडोद्यात जन्मून गुजराती मातृभाषेसारखी बोलतात, वाचतात मात्र मराठी. रात्री जेवणानंतर नातू त्यांना कादंबरीचा त्या दिवशीचा भाग सांगू लागला. त्याचे मराठी घरगुती, बोलण्यापुरते. चिलखत, कवच, बेडी, छावणी हे शब्द त्याला सुचत नसत. आजी एकेक शब्द पुरवीत आणि तो पुढे जाई. 'शील्ड'ला ढाल म्हणावे की कवच, यावर एकदा पंधरा मिनिटे वाद झाला. ती अंगाभोवती आपोआप पसरणारी, घाव झेलून मंद होणारी आणि पुन्हा भरून येणारी प्रभा आहे असे कळल्यावर आजींनी निकाल दिला, "मग ते कवच. कर्णाचं होतं तसं." मराठी शाळेत न गेलेल्या मुलाला इतके मराठी शब्द एका महिन्यात शिकलेले मी दुसऱ्या कशाने पाहिलेले नाहीत.

घंटेचा प्रसंग त्यांना फार आवडला. शिक्षक मेंडेझ मुलांच्या तिघातिघांच्या तुकड्या करतो. अडथळे ओलांडून वरची घंटा वाजवायची, सर्वांत शेवटच्या तुकडीला रात्रीचे जेवण नाही. जॉन धावत सुटतो, सर्वांच्या आधी घंटा वाजवतो आणि तरीही उपाशी राहतो, कारण मागे सोडलेल्या सोबत्यांमुळे त्याची तुकडी शेवटची ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी तो सॅम आणि केली या दोघांना बरोबर घेतो. हाच सॅम पुढे शत्रूच्या जहाजावर, चिलखताला भोक पडल्यामुळे परत येऊ न शकून, मागे राहतो. तो भाग सांगताना नातवाचा आवाज जरा खाली आला होता. आजी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडल्या होत्या. पहिल्या रात्रीपासून त्या एकच प्रश्न विचारीत.

"त्या आईबापांना कळलं का रे शेवटी?"

पहिल्या पुस्तकात याचे उत्तर नाही. नातवाने ते प्रामाणिकपणे सांगितले. "मग लेखकाला विचारायला हवं होतं कोणीतरी," आजी म्हणाल्या.

येथे थोडे टीकाकाराचे काम करतो. या मालिकेतले प्रत्येक पुस्तक वाचण्यालायक आहे असे कोणी म्हणू नये. दुसरे, 'द फ्लड', २००३ मध्ये विल्यम डिट्झ यांनी लिहिले. त्यात पहिल्या खेळाचीच कथा पुन्हा सांगितली आहे आणि तिथेच ते फसले. खेळात दालनामागून दालन लढत जाण्यात हाताला काम असते. कागदावर तीच दालने म्हणजे किराणा दुकानाची यादी. मात्र खेळात ज्यांना नाव नाही त्यांच्याकडे डिट्झ वळले की पुस्तक जिवंत होते. शत्रुसैन्यातला यायाप नावाचा एक भित्रा, लबाड शिपाई आहे. त्याला आपल्या उन्मत्त वरिष्ठाच्या हाताखाली जीव वाचवीत दिवस काढायचे आहेत. कोणत्याही कचेरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. जेन्किन्स नावाच्या एका साध्या शिपायाच्या शरीराचा ताबा परजीवी घेतात, पण त्याचे भान शाबूत राहते; आपलेच हात काय करीत आहेत ते त्याला आतून पाहावे लागते. ती पाने मी रात्री वाचायला नको होती.

त्याच लेखकाने पुढे 'मास इफेक्ट' या दुसऱ्या खेळाच्या जगावर 'डिसेप्शन' ही कादंबरी लिहिली. ती २०१२ च्या आरंभी निघाली आणि वाचकांनी तिच्यातल्या चुकांची भलीमोठी जंत्रीच तयार केली. आधीच्या पुस्तकांतील पात्रांचे स्वभाव, वये, त्या जगाचे नियम, कशाचाच मेळ नाही. खेळाच्या निर्मात्यांना आणि प्रकाशकांना चूक जाहीरपणे कबूल करावी लागली. याआधीच्या तीन कादंबऱ्या ड्र्यू कार्पिशिन यांच्या होत्या आणि ते स्वतः त्या खेळाचे प्रमुख लेखक होते, त्यामुळे फरक डोळ्यांत भरला. मला या प्रकरणात गंमत वाटली ती वाचकांची. जाहिरातीचा मजकूर म्हणून ज्याची मी हेटाळणी केली, त्याची इतकी काटेकोर तपासणी करणारा वाचक आपल्याकडच्या किती नामवंत कादंबऱ्यांना लाभतो?

हेलोच्या वाचकांवरही असा प्रसंग आला, पण तो निराळा. 'रीच' नावाचा खेळ २०१० च्या सप्टेंबरात निघाला. नायलंड यांच्या कादंबरीत रीच ग्रहाचा विनाश एका रीतीने घडतो, खेळात दुसऱ्या रीतीने. कादंबरीत शत्रू अचानक येऊन आदळतो. खेळात तो कित्येक आठवडे आधीच ग्रहावर उतरलेला असतो. खरे कोणते? त्याच वर्षी कादंबरीची नवी आवृत्ती काही भर घालून काढण्यात आली, तरी दोन्ही कथा चपखल जुळत नाहीत. नातू यावर अजून चिडतो. मी त्याला म्हटले, "अरे, वाल्मीकींचा राम आणि तुळशीदासांचा राम यांत अंतर आहे, म्हणून कोणी पोथी फेकून दिली का?" तो म्हणाला, "आजोबा, वाल्मीकींची पोथी विकणारी कंपनी तीच नव्हती ना!" पोराचा मुद्दा बिनतोड होता. कोणी कितीही जीव ओतून लिहिले तरी या जगाची मालकी लेखकाकडे नसते. पुढच्या खेळाला गैरसोयीचे झाले की लेखकाचे लिहिलेले बाजूला सरते. या लेखनातले हे खरे दुखणे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

तरीही चांगले लेखक या वाटेला आले आहेत. जोसेफ स्टेटन हे मूळ खेळाच्याच लेखकांपैकी एक; त्यांची 'कॉन्टॅक्ट हार्वेस्ट' ही २००७ ची कादंबरी मला सर्वांत अधिक आवडली. हार्वेस्ट हा शेतकऱ्यांचा ग्रह. तिथे पिकलेले धान्य उंचच उंच दोरखंडांवरून अंतराळात चढवून इतर वसाहतींना पाठवतात. शेतीचे व्यवहार पाहणारी मॅक आणि वाहतूक पाहणारी सिफ या दोन यंत्रबुद्धी आहेत आणि त्यांच्यात हळूहळू प्रेम जडते. ते प्रेम फार हळुवारपणे लिहिले आहे. युद्ध का पेटले त्याचेही कारण इथे आहे. कव्हेनंटच्या तीन धर्मगुरूंना कळून चुकते की ज्या प्राचीन देवांना आपण भजतो त्यांचे वारस ही माणसेच आहेत. हे उघड झाले तर धर्मपीठाचा पाया ढासळेल. म्हणून माणसेच नाहीशी करायची. मला हे सारे दूरच्या ताऱ्याचे वाटेना. नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही मान मिळालेले ग्रेग बेअर यांनीही २०११ ते २०१३ या काळात या जगाच्या लाखभर वर्षांपूर्वीच्या पुराणावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या अवघड आहेत. माझ्याकडून दुसरी संपली नाही.

विज्ञानकथेला साहित्याच्या ओसरीवर उभे ठेवण्याची खोड आपल्याला जुनीच आहे. जयंत नारळीकरांसारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाच्या आद्याक्षरांची त्यांनी उलटापालट केली होती. परीक्षकांनी नाव पाहून नव्हे तर कथा वाचून ठरवावे, हा हेतू. काशीत वाढलेल्या त्या मराठी माणसाची ती कथा पहिली आली. मी तर मुखपृष्ठ पाहूनच निकाल दिला होता.

आणि असे पाहा, मधल्या कप्प्यातल्या 'मृत्युंजय'ला १९६७ पासून आपण डोक्यावर घेतले ते कशासाठी? महाभारतातल्या ज्या कोपऱ्यात मूळ कथा फार थांबत नाही तिथे सावंत थांबले, म्हणून. कर्णाच्या मनात काय चालले असेल हे आपल्याला हवे होते. नायलंड यांची बरोबरी मी सावंतांशी करीत नाही. त्यांची भाषा कामापुरती आहे आणि लढायांची वर्णने लांबतात. भूक मात्र तीच, एवढेच म्हणणे आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे. जुलैमध्ये नातवाने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणखी एक पुस्तक मागविले: कॅरन ट्रॅव्हिस यांचे 'मॉर्टल डिक्टाटा', २०१४ चे. 'द फॉल ऑफ रीच' नंतर तेरा वर्षांनी, दुसऱ्याच लेखिकेने तो प्रश्न उचलला होता. त्या पंच्याहत्तर मुलांमध्ये नाओमी नावाची एक मुलगी. तिचा बाप स्टॅफन. ज्या ग्रहावर हे कुटुंब राहत होते त्याचे नाव, योगायोग पाहा, 'सन्सार'. हरवलेली मुलगी सापडते, घरी येते, आणि बापाच्या मनात पाल चुकचुकते की ही आपली नव्हे. लोक त्याला वेडा म्हणतात. मुलगी आजारी पडून मरते, तरी त्याचे म्हणणे तेच. पुढची कितीतरी वर्षे तो एकाच गोष्टीच्या मागे असतो, माझ्या मुलीचे काय केलेत? खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा माणूस शत्रुपक्षातला बंडखोर आहे. वाचणाऱ्याला तसे म्हणवत नाही. आणि नाओमी आता चिलखतात आहे, सरकारच्या बाजूने.

नातवाने ही कथा अकरा रात्री सांगितली. डॉ. हॅल्सीविषयी आजी पहिल्यापासून एक शब्दही चांगला बोलल्या नव्हत्या, "बाई असून?" एवढेच. नातवाने बाजू मांडली की तिने ते केले नसते तर पुढे मनुष्यजात उरली नसती. "तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं ते?" आजींनी विचारले. या एका वाक्यावर आमच्या घरात दोन दिवस बोलणे चालू होते. सुनबाईही त्यात पडल्या, त्यांनी तर खेळ पाहिला नव्हता की पुस्तक उघडले नव्हते.

शेवटी बापलेकीची गाठ पडते. कशी पडते ते येथे सांगत नाही, कोणाला वाचायचे असेल. त्या रात्री सांगून झाल्यावर नातवाने पुस्तक मिटले आणि पाणी प्यायला उठला. आजी काही वेळ गप्प बसून होत्या.

"त्या पहिल्या मुलाचं काय?" त्यांनी विचारले. "जॉनचं. त्याच्या आईला कळलं का?"

"ते कोणी लिहिलेलं मी अजून वाचलं नाही, आजी."

"मग तू लिही," आजी म्हणाल्या. "मराठीत लिही, म्हणजे मला वाचता येईल."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. चार पाने झाली आहेत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत. मी हात लावलेला नाही. 'द फॉल ऑफ रीच' सध्या मधल्या कप्प्यात आहे.